दूध-पोळीवर मांजर जगत नाही: पिल्लापासून म्हातारपणापर्यंत काय, किती आणि कसं खायला घालायचं

आमच्याकडे पहिलं पिल्लू आलं ते भर जुलैच्या पावसात, नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली ओरडत बसलेलं, तीनेक आठवड्यांचं असेल, आणि मी काय केलं तर घरात होतं ते गायीचं दूध कोमट केलं आणि चमच्याने पाजलं. दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले, तिसऱ्या दिवशी ते गार पडलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेलं. त्याला आता नऊ वर्षं झाली, त्यानंतर घरात बरीच मांजरं आली, पण दर पावसाळ्यात कोणाचा तरी फोन येतोच, "ताई, पिल्लू सापडलंय, दूध देऊ ना?" म्हणून जे जे मला उशिरा कळलं ते सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी डोक्यातलं एक काढून टाका. माझ्या आजीच्या पंचवटीतल्या वाड्यात मांजरी वर्षानुवर्षं दूधभातावर जगल्या असं आम्ही सगळे सांगायचो. आजी ताटलीत काय घालायची ते आम्ही बघितलं, पण रात्री माळ्यावर आणि धान्याच्या पोत्यांमागे त्या काय खात होत्या ते कोणी बघितलंच नाही. उंदीर, पाली, एखादी चिमणी. एका उंदरात साधारण ३० कॅलरी असतात, म्हणजे चार किलोच्या मांजरीला दिवसाला सात-आठ उंदीर लागतात, आणि त्या उंदरात मांस, हाडं, काळीज आणि दोनतृतीयांशाहून जास्त पाणी असं सगळं एकत्र मिळतं. दूधभात हा वरचा खाऊ होता. आता तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, खिडक्यांना जाळी लावलेल्या घरात उंदीर कुठून येणार? तिथे तुम्ही ताटलीत जे घालाल तेवढंच तिच्या पोटात जाणार.

मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा एक घटक तिला मांसातूनच मिळतो, शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय मोठं होऊन कमजोर पडतं. व्हिटॅमिन ए पण तसंच, आपण गाजर खाल्लं की आपलं शरीर त्यातून ते बनवतं, मांजराचं बनवत नाही. १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की तयार कॅटफूड खाणाऱ्या मांजरांचं हृदय खराब होत होतं कारण त्या फूडमध्ये टॉरिन कमी पडत होतं, आणि टॉरिन दिल्यावर त्यातली बरीच सुधारली, त्यानंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं. फूड बनवणाऱ्या कंपन्यांचं सुद्धा चुकत होतं, मग आपण अंदाजाने भात-चिकन कालवून देतो तेव्हा काय होत असेल याचा विचार करा.

घरात आधी काय काय असू दे

- ग्रॅम दाखवणारा किचनचा वजनकाटा. हा सगळ्यात महत्त्वाचा, पिल्लाचं वजन पण यावरच करायचं
- सुई नसलेल्या ५ मिलीच्या सिरिंज, मेडिकलमध्ये मिळतात
- गरम पाण्याची पिशवी आणि जुने टॉवेल
- स्टीलच्या किंवा चिनीमातीच्या पसरट ताटल्या, प्लॅस्टिक नको, त्याला वास धरतो
- घट्ट झाकणाचा डबा ड्राय फूडसाठी, म्हणजे कोरड्या दाण्यांसाठी
- एक वही
- जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर, आणि रात्री कोण बघतं त्यांचा वेगळा नंबर, हा आजच विचारून ठेवा

१. पिल्लू किती दिवसांचं आहे ते ओळखा

सापडलेल्या पिल्लाला काय द्यायचं हे पूर्ण वयावर आहे. डोळे मिटलेले असतील तर साधारण आठवडा-दहा दिवसांच्या आतलं. डोळे उघडलेत पण चालताना लडबडतंय आणि पुढचे बारीक दात दिसायला लागलेत तर दोन-तीन आठवड्यांचं. कान नीट उभे, सुळे येतायत, स्वतःच्या पायावर पळतंय तर चार आठवड्यांच्या आसपासचं.

आणि उचलायच्या आधी दोन-तीन तास लांबून बघा, आई खाणं शोधायला गेलेली असू शकते. आईचं दूध मिळत असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, अशा वेळी पिल्लाला नाही, आईला खायला घाला. अर्थात पिल्लू भिजलेलं, गार पडलेलं किंवा जखमी असेल तर वाट बघत बसू नका.

२. चार आठवड्यांच्या आतलं: आधी ऊब, मग दूध

गार पडलेल्या पिल्लाला कधीही दूध पाजू नका. अंग थंड असलं की आतडी चालत नाहीत, दूध पोटात तसंच राहतं. माझ्या पहिल्या पिल्लाच्या वेळी मी हीच चूक केली होती, दुधाची चूक तर होतीच. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पिल्लाला त्याच्या शेजारी ठेवा, खोक्यात एक कोपरा बिनउबेचा सोडा म्हणजे गरम झालं तर ते सरकेल. नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंडी तुम्हाला माहितीय, पहाटे पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहून खाली, त्या दिवसात पिशवी रात्री दोनदा तरी बदलावी लागते.

दूध म्हणजे मांजराच्या पिल्लांसाठीचं पावडरचं दूध, पेटशॉपमध्ये 'किटन मिल्क रिप्लेसर' म्हणून मागा. गाय, म्हैस, बकरी, लहान बाळाची पावडर यातलं काहीच नको. गायीच्या दुधात लॅक्टोज जास्त आणि प्रोटीन, फॅट पिल्लाला हवं त्यापेक्षा कमी, म्हणून जुलाब पण होतात आणि वजन पण वाढत नाही. रात्री-अपरात्री सापडलं आणि दुकान बंद असेल तर अंदाजाने काही कालवू नका, पिल्लाला उबेत ठेवून डॉक्टरांना फोन करा, सकाळपर्यंत काय द्यायचं ते सांगतात.

किती द्यायचं ते डब्यावरच्या तक्त्यात असतं, माझा ढोबळ हिशोब १०० ग्रॅम वजनाला एका वेळी ४ मिलीच्या आसपास, त्याहून जास्त ठोसायचं नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्री पण. तीन आठवड्यांचं झालं की दर चार-पाच तासांनी चालतं. दूध मनगटावर टाकून बघा, कोमट लागलं पाहिजे.

पाजताना पिल्लू पोटावर, जसं ते आईला पितं तसं. आपण बाळाला मांडीवर उताणं घेतो तसं घेतलं की दूध फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो, या चुकीने फार पिल्लं जातात. सिरिंज दाबून दूध आत सोडायचं नाही, त्याने स्वतः चोखलं पाहिजे. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा.

पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शूची जागा हळू पुसा, तीन आठवड्यांच्या आतलं पिल्लू आपणहून शू-शी करत नाही, आई चाटते तेव्हा करतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. जन्मतः साधारण १०० ग्रॅम, पुढे रोज १० ते १५ ग्रॅम वाढ. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवा, कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

३. दुधावरून खाण्यावर

चार आठवड्यांच्या सुमाराला सुरुवात करायची, आठ आठवड्यांपर्यंत पूर्ण खाण्यावर आलं पाहिजे. किटन वेट फूड (पाऊचमधलं ओलं) किंवा ड्राय किटन फूड त्याच पावडरच्या दुधात भिजवून पेजेसारखं पातळ करा, पसरट ताटलीत ठेवा, बोटाला लावून ओठाला चाटवा. पहिले दोन दिवस ते त्यात चालतं, बसतं, सगळं अंगाला फासतं, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. मग आठवड्या-आठवड्याला घट्ट करत जा. दूध एकदम तोडू नका. याच काळात जंताचं औषध सुरू होतं, ते डॉक्टर वजनावर देतात, पोट नगाऱ्यासारखं आणि पाय काडीसारखे दिसले तर पिल्लाचं पोट भरलंय असं समजू नका, ते बऱ्याचदा जंत असतात.

४. दोन महिने ते एक वर्ष: इथे मी दुसऱ्यांदा चुकले

चिंगी आली तेव्हा दोन महिन्यांची होती. आमचं घर शाकाहारी, तरी पहिल्या पिल्लाच्या अनुभवानंतर मी ठरवलं होतं की हिला मांसच द्यायचं, म्हणून बाल्कनीत वेगळी शेगडी आणि वेगळं पातेलं ठेवलं, रोज चिकनचं बोनलेस आणून उकडून घालायचे. ती आवडीने खायची, केस चमकायचे, मला वाटायचं आता सगळं बरोबर चाललंय. चार महिन्यांची झाली आणि लंगडायला लागली, सोफ्यावरून उतरताना ओरडायची. एक्स-रे काढला तर हाडं पातळ, मागच्या पायाला बारीक फ्रॅक्चर.

कारण असं की नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढतं, आणि वाढत्या पिल्लाची हाडं आतून पोकळ होत जातात. उंदीर खाणारी मांजर हाडांसकट खाते म्हणून तिला हा त्रास होत नाही. चिंगीला दीड महिना पिंजऱ्यात ठेवावं लागलं आणि पूर्ण किटन फूडवर आणलं, बरी झाली, आज आठ वर्षांची आहे. पण तो दीड महिना मी विसरत नाही, मी तिच्यासाठी सगळं मनापासून करत होते आणि तेच तिला बाधत होतं.

म्हणून वर्षभर किटन फूडच द्या. पाकिटावर दोन गोष्टी शोधा: 'कम्प्लीट' किंवा 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं लिहिलेलं, आणि ते पिल्लांसाठी म्हणजे ग्रोथसाठी आहे असं. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलं असेल तर तो वरचा खाऊ झाला, त्या चाटायच्या क्रीमच्या ट्यूब आणि काही पाऊच या प्रकारात मोडतात, त्यावर पिल्लू वाढवता येत नाही. अमेरिकेत ॲफको म्हणून संस्था आहे तिचं माप असं की कोरडा भाग धरला तर पिल्लांच्या फूडमध्ये कमीत कमी ३० टक्के प्रोटीन हवं आणि मोठ्यांच्या २६ टक्के. व्हिस्कास, मीओ, ड्रूल्स, रॉयल कॅनिन वगैरे काहीही घ्या, तुमच्या बजेटमध्ये बसेल ते, फक्त महागाचं एक महिना आणि मग परवडत नाही म्हणून दूध-पोळी असं करू नका, मधलं घ्या आणि सातत्याने द्या.

पिल्लाला किलोमागे मोठ्या मांजराच्या दुप्पट-तिप्पट कॅलरी लागतात आणि पोट असतं लिंबाएवढं. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन-तीन वेळा. महिन्याला साधारण ४५० ते ५०० ग्रॅम वजन वाढलं की गाडी बरोबर चाललीय. या वयात मोजून-मापून उपाशी ठेवू नका, मागेल तेवढं द्या.

दोन सापळे. एक, सुटं फूड. मोठी गोणी फोडून किलोवर विकतात, स्वस्त पडतं, पण ते कधी फोडलंय, कुठल्या वयाचं आहे काही कळत नाही, पावसाळ्यात त्याला ओल धरते. दोन, घरात कुत्रा आहे म्हणून मांजरालाही डॉगफूड. कुत्र्याच्या फूडमध्ये मांजराला पुरेल एवढं टॉरिन असेलच असं नाही आणि प्रोटीनही कमी असतं. एखादा घास खाल्ला तर काही होत नाही, रोजचं नको.

५. ऑपरेशननंतर आणि मोठेपणी: आता मोजून

साधारण पाच-सहा महिन्यांना नसबंदीचं ऑपरेशन होतं, आणि तिथून गणित उलटं फिरतं. नसबंदीनंतर मांजराला लागणारी ऊर्जा २० ते ३० टक्क्यांनी कमी होते आणि भूक मात्र वाढते. तेव्हाच आपण "ऑपरेशन झालंय बिचारीचं" म्हणून लाड करतो. वजनावर लक्ष ठेवा, गोल व्हायला लागली तर वर्षाच्या आतही फूडचं प्रमाण कमी करायला लागतं, पण फूड किटनचंच राहू दे.

मोठ्या, घरात राहणाऱ्या, ऑपरेशन झालेल्या मांजराला किलोमागे ५० ते ६० कॅलरी पुरतात. माझ्या चिंगीचं गणित दाखवते. वजन ४ किलो, म्हणजे २२० कॅलरी धरू. माझ्या ड्राय फूडच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ३८० लिहिलंय. नुसतं ड्राय दिलं तर दिवसाला ५८ ग्रॅम. एक पाऊच दिलं, त्यात साधारण ७० कॅलरी, तर उरल्या १५०, म्हणजे ड्राय फक्त ४० ग्रॅम. हे काट्यावर मोजून बघा, ५८ ग्रॅम म्हणजे वाटीचा तळ झाकतो एवढंच दिसतं, तिथेच माणूस अजून एक मूठ घालतो. सकाळी दिवसाचं मोजून एका डबीत काढून ठेवायचं आणि घरातल्या सगळ्यांनी त्या डबीतूनच द्यायचं, नाहीतर ती तुमच्याकडून खाते, मुलांकडून खाते आणि आजोबांसमोर जाऊन पुन्हा उपाशी असल्यासारखी ओरडते.

बरगड्यांवरून हात फिरवा. हलक्या हाताला बरगड्या लागल्या, वरून बघितल्यावर कंबर दिसली, तर बरोबर. बोटं दाबल्यावरच लागत असतील तर जाडी आहे. दिसतच असतील तर कमी पडतंय. वजन कमी करायचं तर हळूहळू, कधीही उपास घालून नाही, का ते शेवटी सांगते.

६. पाणी

यावर लोक फार कमी बोलतात आणि नाशिकच्या उन्हाळ्यात हेच जास्त नडतं. मांजराला तहान कमी लागते. सगळं मिळून किलोमागे दिवसाला साधारण ५० मिली पाणी पोटात जायला हवं. वेट फूडमध्ये ७५-८० टक्के पाणी, ड्रायमध्ये १० टक्क्यांच्या आत. नुसत्या ड्रायवरची मांजर वाटीतलं जास्त पिते, पण ती तूट बऱ्याचदा पूर्ण भरत नाही.

आमचा बंड्या बोका पूर्ण ड्रायवर होता, मे महिना, बाहेर चाळीस. शूच्या डब्यात सारखा जाऊन बसायचा, जोर करायचा, काही नाही. आम्हाला वाटलं पोट साफ होत नाहीये, एक दिवस तसाच घालवला. लघवी तुंबली होती. नळी घालून काढावी लागली, तीन दिवस ॲडमिट. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते, अडकली की एक-दोन दिवसांत जीव जातो, म्हणून बोका डब्यात जाऊन जोर करतोय आणि थेंब नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजता सुद्धा डॉक्टरांना उठवा.

तेव्हापासून आमच्याकडे रोज एक वेळ वेट फूड, त्यातही दोन चमचे कोमट पाणी कालवून. पाण्याच्या वाट्या तीन ठिकाणी, पसरट, खाण्यापासून लांब, शूच्या डब्यापासून तर फारच लांब. पाणी दिवसातून दोनदा बदलते. उन्हाळ्यात वेट फूड पाऊण तासाच्या वर बाहेर ठेवू नका. मुंग्यांसाठी आपली जुनी युक्ती, ताटली पाणी घातलेल्या परातीत ठेवायची.

७. घरचं द्यायचं असेल तर

दिवसाच्या कॅलरीतल्या दहा टक्क्यांपर्यंत घरचं द्या, त्याने काही बिघडत नाही. उकडलेलं चिकन, शिजवलेला मासा काटे काढून, उकडलेलं अंडं. मीठ, हळद, तेल काही नाही. उकडलेल्या चिकनचं पाणी फेकू नका, टॉरिन पाण्यात उतरतं, तेच कालवून द्या. अंड्याचा कच्चा पांढरा भाग नको, त्याने बायोटिन नावाचं व्हिटॅमिन बांधलं जातं आणि अंगाला लागत नाही. शिजवलेली हाडं कधीच नाही, ती फुटून टोकदार होतात.

पोटा-कलेजी स्वस्त मिळते म्हणून रोज देणारे खूप जण आहेत. पोटा ठीक, पण कलेजी आठवड्यातून एखादा तुकडा बस, रोज दिली तर व्हिटॅमिन ए साठून मानेची-पाठीची हाडं जुळून येतात आणि मांजराला मान वळवता येत नाही. सुकट आणि सुके बोंबील यात मीठ फार. कच्च्या माशाची रोजची सवय नको, काही माशांत असा घटक असतो जो व्हिटॅमिन बी१ नष्ट करतो.

पूर्णच घरचं करायचं असेल तर ते होतं, पण त्याला कॅल्शियम, टॉरिन, व्हिटॅमिन यांचं मोजलेलं प्रमाण लागतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, इंटरनेटवरची रेसिपी बघून करू नका.

आता शाकाहारी घरांबद्दल, कारण नाशिकमध्ये अशी खूप आहेत आणि आमचं त्यातलंच. मांजराला शाकाहारी करता येत नाही. दही-भात, पनीर, डाळ यावर ती वर्षभर जिवंत दिसेल पण आतून संपत जाईल. माझ्या सासूबाईंना सुरुवातीला फार जड गेलं, मी त्यांच्याशी भांडले नाही, डॉक्टरांकडेच घेऊन गेले. चिंगीचा एक्स-रे त्यांनी स्वतः बघितला. आता घरात शिजवायचं काहीच नाही, तयार फूड, बाल्कनीत वेगळं कपाट, वेगळ्या ताटल्या, वेगळा स्क्रबर, आणि सकाळचं चिंगीचं फूड सासूबाईच मोजून घालतात. ज्या घरात एवढंही मनाला पटणार नाही त्यांनी ससा पाळावा, मांजर नको, हे मी स्पष्टच सांगते.

८. हे कधीच नाही

कांदा आणि लसूण. कच्चा, शिजवलेला, पावडर, कसाही. त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. आपण लासलगावच्या जिल्ह्यातले, आपल्या प्रत्येक रश्शात, मिसळीच्या तर्रीत, वाटणात कांदा-लसूण असतो. रविवारच्या रश्श्यातला चिकनचा तुकडा नळाखाली धुऊन दिला तर चालेल असं बरेच जण म्हणतात, चालत नाही, तो आतपर्यंत मुरलेला असतो. मांजरासाठीचे दोन तुकडे फोडणीच्या आधी बाजूला काढा.

द्राक्षं आणि बेदाणे खाली पडू देऊ नका, कुत्र्यांच्या किडन्या त्याने निकामी होतात, मांजरापासूनही लांबच ठेवा. चॉकलेट, चहा-कॉफी नाही. पॅरासिटामॉलची गोळी ताप आला म्हणून अर्धी सुद्धा नाही, मांजरासाठी ते सरळ विष आहे. आणि खाण्यातलं नसलं तरी सांगते, बुके मधली लिली घरात आणू नका, तिचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तर किडन्या जातात.

मोठ्या मांजराला दूध? बऱ्याच जणींना पचत नाही. चमचाभर दही चाटलं तर चालतं, पण ते जेवण नाही.

९. गाभण आणि बाळंतीण मांजर

साधारण ६३ ते ६५ दिवस. कळल्यापासून तिला किटन फूडच द्या, कारण त्यात कॅलरी आणि प्रोटीन जास्त असतं. शेवटी शेवटी पोटात जागा नसते म्हणून थोडं थोडं पाच-सहा वेळा. पिल्लं झाल्यावर ती नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाते, मोजू नका, ताटली भरलेली ठेवा, पाणी तिच्या जागेच्या जवळ ठेवा. आपल्याकडे बाळंतीण म्हणून तिला दूध-तूप घालतात, त्याने तिलाच जुलाब होतात. कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. पिल्लं खायला लागली आणि तिचं दूध आटलं की ऑपरेशनची तारीख घ्या.

१०. म्हातारपण

सात-आठ वर्षांनंतर हालचाल कमी होते, वजन वाढायला लागतं. अकरा-बारानंतर उलटं, मांजर वाळायला लागते. म्हातारी झाली म्हणून वाळली असं म्हणून सोडून देऊ नका. माझ्या आईकडची मनी सिडकोत राहायची, चौदाव्या वर्षी खूप खायची आणि तरी हाडं दिसायला लागली, आई खूश होती की एवढं खाते. थायरॉइड निघालं. गोळी सुरू झाली आणि वजन परत आलं, पुढे तीन वर्षं जगली.

महिन्याला वजन करा, तिला घेऊन मोठ्या काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. चार किलोची मांजर ३ किलो ६०० वर आली तर ते दहा टक्के झालं, म्हणजे डॉक्टर. पाणी जास्त पिते आणि शूच्या डब्यातल्या वाळूचे ओले गोळे मोठे दिसतात तर किडनी, शुगर तपासा. खाताना तोंडातून दाणे पडतात किंवा एकाच बाजूने चावते तर दात. दहा वर्षांनंतर वर्षातून एकदा तरी रक्त तपासून घ्या, त्यात किडनी आणि थायरॉइड दोन्ही असू दे.

म्हातारपणी प्रोटीन कमी करायचं ही समजूत चुकीची आहे, निरोगी म्हाताऱ्या मांजराचे स्नायू झडतात म्हणून तिला चांगलं प्रोटीन लागतंच. किडनीचं वेगळं फूड असतं, त्यात फॉस्फरस कमी असतो, पण ते किडनी खराब असल्याचं रिपोर्टमध्ये आल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच. वास कमी येतो म्हणून खात नाहीत, तेव्हा वेट फूड कोमट करून द्या. सांधे दुखत असतील तर ताटली चार-पाच इंच उंच पाटावर ठेवा.

११. फूड बदलताना, आणि खाणं थांबलं तर

नवीन फूड एकदम नाही. दोन-तीन दिवस पाव भाग नवीन, मग अर्धं अर्धं, मग पाऊण, आठवडा-दहा दिवसांत पूर्ण. जुलाब झाले तर एक पायरी मागे या.

आणि "भूक लागली की खाईल आपोआप" हे मांजराच्या बाबतीत कधीच करू नका. मोठी मांजर, त्यातून जाडी असेल, दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि यकृत बंद पडायला लागतं. नवीन फूड खात नसेल तर जुनं द्या, काहीतरी पोटात जाऊ दे. मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, लहान पिल्लाला तर अर्धा दिवसही फार झाला. जाताना लसीकरणाचं कार्ड, वजनाची वही आणि फूडच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो बरोबर घ्या, शेवटचं कधी खाल्लं, शू कधी केली हे वहीत लिहून न्या, घाईत विचारलं की आपल्याला आठवत नाही.